खर्डा, ट्रॅक तीन, फाईल सतरा

शाहूपुरीत गुळाच्या एका गोदामाशेजारून लोखंडी जिना वर जातो, त्या जिन्याच्या टोकाला अण्णासोंचा स्टुडिओ आहे. पाटी रीतसर आहे, 'संगीती रेकॉर्डिंग' अशी. पण खालच्या हमालांना पाटीवरचं नाव विचारून उपयोग नाही. ते म्हणतात, "गप बसा म्हणणारं माणूस व्हय? जावा की वर." ट्रकमधून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरायला लागले की वर गाणं थांबतं, आणि गाणं सुरू झालं की अण्णासो खिडकीतून डोकं काढून खाली ओरडतात. त्यांचा अर्धा दिवस यातच जातो.

मी प्रसेनजीत. दूध संघात नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी पेटी वाजवतो आणि जयंतीची गाणी लिहितो. अण्णासोंच्या त्या खोलीत माझी अठ्ठावीस गाणी रेकॉर्ड झाली आणि त्यातल्या एकातही माझी पेटी नीट ऐकू येत नाही. हा माझा जुना राग आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा. म्हणजे पुढं मी त्यांचं कौतुक केलं तर ते खरं समजा.

माणूस साठीचा, बुटका, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, त्यातलं एक टेस्टर. तरुणपणी ते कर्णे बांधायचे. लग्न असो, जयंती असो, तार दातात धरून झाडावर चढायचं आणि वरूनच "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचं. मग टेप आले, कॅसेटी आल्या आणि गेल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी मिरजेच्या एका माणसाकडून ते मशीन आणलं. सोळा ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डर. बसायच्या पाटाएवढं, वर सरकत्या बटनांची रांग आणि कोपऱ्यात आगपेटीएवढा पडदा. पेटी एका ट्रॅकवर, ढोलकी दुसऱ्यावर, गाणारी बाई तिसऱ्यावर. नंतर ज्याला हवं त्याला वर काढायचं, नको त्याला दाबायचं. कुणाला दाबलं जातं ते वर सांगितलंच आहे.

हे मशीन प्रत्येक गाण्याचं मेमरी कार्डावर एक फोल्डर करतं आणि नाव विचारतं. नाव इंग्रजी अक्षरांत, आणि अक्षरं फक्त आठ. अण्णासो सुरुवातीला गाण्यांचीच नावं द्यायचे. पण आमची निम्मी गाणी 'जयभीम'ने सुरू होतात आणि त्यातच आठ अक्षरं संपत येतात. वर्षभरात कार्डावर एकापाठोपाठ एकोणीस जयभीम उभे राहिले. एकदा शिरोळच्या बायकांच्या गाण्यावर कागलच्या पोरांचा कोरस चढला, तेव्हा अण्णासोंनी पद्धत बदलली. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत जे खाल्लं, ते त्या गाण्याचं नाव.

मिसळ, भडंग, आंबोळी, वडा. समतेवर लिहिलेलं माझं एक फार गंभीर गाणं आहे, सात कडव्यांचं. ते कार्डावर 'भजी' या नावाने आहे. मी भांडलो. तर म्हणाले, "प्रसेन, तुझ्या गाण्याचं नाव मी चार दिवसांत इसरतो. त्या दिवशीची भजी मला अजून आठवत्यात." आणि खरोखरच त्यांना आठवतं. कुणीही यावं, दहा वर्षांपूर्वीचं गाणं मागावं. अण्णासो त्याच्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "तुम्ही? थालीपीठ." गाणं बिनचूक निघतं.

त्यांची दुसरी खोड मला याहूनही सोसत नसे. रेकॉर्डचं बटन दाबलं की मशीन दर वेळी नवी फाईल करतं आणि तिला आपणच नंबर टाकतं. पुन्हा गायलं तरी जुनी पुसत नाही, ती त्या फोल्डरात पडून राहते. अण्णासो पडद्यावरचा तो नंबर वाचतात आणि गाण्याआधी माईकवरून जाहीर करतात. "भजी. ट्रॅक एक. फाईल अकरा." गाणाऱ्यानं डोळे मिटलेत, भाव आणलाय, श्वास भरलाय, आणि कानात हे. एसटी स्टँडवर गाडी लागल्यासारखं. आम्ही त्यांना कंट्रोलर म्हणायचो. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आता मीनाबाई. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. शिरोळजवळच्या गावात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि तिच्या गावात जयंतीला कर्ण्याची गरज कधी पडली नाही. असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. उंच, मोकळा, आणि कुठंही न चिरणारा. तिच्या गाण्याला अण्णासो माईक दोन हात लांब ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आवाजाचं सांगता येत नाही. आक्कानं फोनवर हे असं सांगितलं, जसं कुणी बसची वेळ सांगावी. "बुधवारी कापणार हायत. रविवारी येतो मी. गाणं घ्या उरकून." आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात, त्यात नवल नाही.

रविवारी ती आली ती भाकरी आणि डबाभर खर्डा घेऊन. हिरव्या मिरचीचा, लसूण ठेचून घातलेला, झाकण उघडताच शिंका येतील असा. गाण्याआधी तिखट खायचं नाही, हा स्टुडिओचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. अण्णासोंनी बोट दाखवलं. आक्का म्हणाली, "बुधवारनंतर मला कोण खाऊ देणार हाय? आधी खातो, मग गातो." मग काय, सगळ्यांनीच खाल्लं. ढोलकीवाल्या कृष्णातच्या नाकातून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी. फोल्डरला नाव काय द्यायचं हे त्या दिवशी विचारावं लागलं नाही.

दुपारभर ती गायली, तुकड्यातुकड्यानं. पाचच्या गाडीसाठी उठली तेव्हा बायकांचा कोरस तेवढा राहिला होता. "ऐकून जा की, आक्का," अण्णासो म्हणाले. "पुढच्या येळी ऐकतो," म्हणून ती जिना उतरली.

गाठ साधी निघाली. आक्का खणखणीत बरी झाली, पण आवाज खाली गेला तो वर आलाच नाही. खरखरीत, जाड. फोनवर लोक म्हणायचे, "काका, जरा मीनाबाईंना द्या." हे ती स्वतःच हसत सांगायची. मात्र तालमीला यायची थांबली. बाकीच्या बायका म्हणाल्या, आक्काशिवाय आम्ही कोरस म्हणणार नाही. गाणं दोन वर्षं 'खर्डा' म्हणून कार्डावर पडून राहिलं.

यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला. "जयंतीला गाणं लावायचं म्हणत्यात. रविवारी जीप करून येतो आम्ही. बायका म्हणतील, मी नुसतं ऐकणार." मग म्हणाली, "प्रसेन, अंगणवाडीतली पोरं म्हणत्यात, बाई तुम्ही गाणं नका म्हणू, भ्या वाटतंय. मी सांगतो त्यास्नी, मी गात व्हतो म्हणून. पण आता माझं मलाच खरं वाटंना झालंय. एकदा ऐकायचं हाय मला."

मी अण्णासोंना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "आक्काचा आवाज माझ्याकडं हाय. कुठं जातोय?"

आणि तो गेला. शुक्रवारी.

अण्णासोंची मुलगी अक्षता कागलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हुशार, कामसू, आणि नीटनेटकेपणाचं वेड असलेली. तिच्या घरात मसाल्याचे डबेसुद्धा अकारविल्हे लावलेले असतात. वडिलांचा वाढदिवस जवळ आला म्हणून तिनं त्यांना न सांगता एक भेट द्यायचं ठरवलं. मशीनचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर समोर मिसळ, भडंग, भजी, खर्डा. आत उघडावं तर नुसते नंबर. तिनं तीन दिवस बसून सगळं लावून काढलं. गायकाच्या नावाचं फोल्डर, आत 'मीनाबाई मुख्य आवाज एक', 'कृष्णात ढोलकी दोन', अशी शुद्ध मराठी नावं. मग कार्ड कोरं करून हे सगळं त्यावर परत भरलं आणि वर झेंडूचं फूल ठेवून वडिलांच्या हातात दिलं.

अण्णासोंनी कार्ड मशीनमध्ये घातलं. पडद्यावर एकही गाणं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा अक्षता लॅपटॉपपुढे लाल डोळ्यांनी बसली होती. "काका, पप्पा ओरडत पण न्हाईत ओ," ती म्हणाली. "त्यांनी ओरडायला तरी पाहिजे." अण्णासो खिडकीशी उभे होते. खाली ट्रक उतरत होता, हमाल गलका करत होते आणि ते त्यांनासुद्धा काही म्हणत नव्हते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"अहो, पण फाईली गेल्या कुठं?" मी म्हणालो. "आहेत की सगळ्या. लावा आणि ऐकवा."

"प्रसेन, बस," ते म्हणाले. "लग्नात पंगतीची यादी करत्यात का न्हाय? कोण कुठल्या पानावर, कुणाच्या शेजारी? गाण्याची एक येगळी फाईल असतीया, ती म्हणजे तसली यादी. तिच्यात आवाज नसतोय. नुसतं लिवलेलं असतंय, नंबर नऊनं हितनं सुरू करायचं, तितं थांबायचं, मग नंबर बारा. आक्काचं गाणं असल्या सात तुकड्यांचं हाय. आता यादी हाय, माणसं बी हायत. पण माणसांची नावं बदलली. यादी दारात उभी राहून हाका मारतीया, आणि कोण ओ देईना."

अक्षतानं यादीची फाईल शोधली होती, ती सुदैवानं तिनं फक्त बाजूला ठेवली होती. पण कुठल्या फाईलीला कुठला नंबर होता, हे तिनं लिहून ठेवलं नव्हतं. ग्रंथालयात पुस्तकाला नवा नंबर देताना जुना लिहून ठेवतात, हे तिनंच मला पुढं चार वेळा ऐकवलं आणि दर वेळी कपाळावर हात मारला.

"हातानं जुळवू," मी म्हणालो.

"महिना लागंल. आक्का उद्या येणार."

अक्षतानं उगाच एक फाईल वाजवली. आणि स्पीकरमधून दोन वर्षांपूर्वीचे अण्णासो बोलले, "खर्डा. ट्रॅक दोन. फाईल चार."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन दिवस अक्षतानं ही घोषणा फाईलीफाईलीत ऐकली होती आणि पप्पांची खोड म्हणून सोडून दिली होती. मग मी एवढ्यानं ओरडलो की खालून हमाल म्हणाला, "आता कोण गप बसायचं ओ?"

त्यानंतर आम्ही ओळीनं बसलो. अक्षता एकेक फाईल लावायची, कंट्रोलर गाडी जाहीर करायचा, मी वहीत नंबर लिहायचो, अक्षता जुनं नाव परत द्यायची. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं चिडलो, तो मला त्या सकाळी इतका गोड लागला की काय सांगू. आक्काच्या फाईली आल्या की मात्र अण्णासो घोषणा झाल्याबरोबर हात वर करायचे. पुढचं ऐकायचं नाही. "पयल्यांदा तिनं ऐकायचं," ते म्हणाले.

दोन वाजेपर्यंत तीस फाईली झाल्या. कार्ड मशीनमध्ये गेलं. पडद्यावर 'खर्डा' उमटलं. आता तपासायचं तर ऐकावंच लागणार होतं. अण्णासोंनी बटन दाबलं. ढोलकी आली, पेटी आली, तीही दबलेलीच, म्हणजे सगळं जिथल्या तिथं होतं. आणि मग आक्का आली. तोच उंच, मोकळा आवाज, जणू बाई दारातच उभी आहे. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू व्हायची जागा आली, आणि तिथं काहीच नाही. ढोलकी वाजते आहे, पेटी वाजते आहे, बाई नाही. शेवटपर्यंत नाही.

"यादीत एकतीस हायत," अण्णासो पडद्याकडे बघत म्हणाले. "सतरा न्हाय."

अक्षताचा चेहरा उतरला. मग तिनं हळूच विचारलं, "पप्पा, एका फाईलीत तुम्ही काय बोललाच नव्हता. नुसता खोकला, भांड्याचा आवाज. मला वाटलं चुकून झालीया. मी ती 'किरकोळ'मध्ये टाकली."

'किरकोळ' उघडलं. खोकला होता. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज होता. कृष्णात शिंकला. अण्णासो म्हणत होते, "थांब आक्का, मला सांगू दे आधी," आणि मग तिचा आवाज, खर्ड्यानं हुळहुळलेला आणि हसू दाबत असलेला:

"तू गप. दर टायमाला तूच सांगतोस. आज मी सांगतो. खर्डा. ट्रॅक कितवा ते अण्णासोला ठावं, फाईल कितवी ते मशीनला ठावं. गाणारी मीनाबाई. बुधवारी गळा कापणार हायत, तवर ऐकून घ्या."

आणि लगेच दुसरं कडवं, आणि तिसरं, एका दमात.

मी त्या दिवशी त्याच खोलीत होतो. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. बहुधा मी पेटी वर घ्या म्हणून भांडत होतो. अक्षतानं डोळे पुसून त्या फाईलीला नंबर दिला. अण्णासो म्हणाले, "छान लावलंस बाळा, आता चहा टाक," आणि जिन्यात जाऊन एकटेच बसून राहिले.

रविवारी जीप आली. सहा बायका आणि आक्का. पांढरी साडी, पायांत नव्या चपला, आणि हातात तोच डबा. खुर्चीत बसली, पदर सारखा केला, म्हणाली, "लाव."

गाणं लागलं. पहिल्या कडव्याला तिनं बायकांकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "कोण गं ही बया? केवढ्यानं वरडतीया!" बायका हसल्या. तिसऱ्याला तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली, चांगली हमसून रडली, आणि रडता रडता मान डोलावत राहिली. संपल्यावर म्हणाली, "व्हती की अशी बाई. खरंच व्हती." मग आणखी दोनदा ऐकलं.

बायकांचा कोरस झाला, फाईल बत्तीस. आता गाणं पुरं झालं होतं. कृष्णात ढोलकीला गवसणी घालायला लागला. अण्णासो मात्र माईक उचलून आक्कासमोर ठेवत होते. पूर्वी दोन हात लांब ठेवायचे, तो त्यांनी वीतभरावर आणला.

"काय करतोस?" आक्का म्हणाली.

"ट्रॅक नऊ रिकामा हाय. शेवटचं कडवं खालच्या पट्टीत म्हण. वरची तू, खालची बी तू."

"ह्या आवाजात? डोकं फिरलंय काय तुझं? पोरं भित्यात ह्याला."

"आक्का," अण्णासो म्हणाले, "त्या आवाजाची फाईल माझ्याकडं हाय. ह्या आवाजाची एक बी न्हाय."

आक्कानं त्यांच्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण काढलं, बोटावर चिमूटभर खर्डा घेतला आणि जिभेवर ठेवला. भिंतीवरच्या नियमाकडे कुणीही बघितलं नाही.

अण्णासोंनी बटन दाबलं, आणि या वेळी ते गप्प बसले. आक्काच म्हणाली, "खर्डा. ट्रॅक नऊ. फाईल तेहतीस. गाणारी मीनाबाईच."

खाली ट्रक आलेला होता, पण एकही रवा उतरला नाही. का, ते मला नंतर कळलं. अक्षता जिन्यात उभी राहून हमालांना हात जोडत होती.

गायली ती. जाड, खरखरीत, जमिनीला टेकलेला आवाज, पण सुराला पक्का, केसभरही हललेला नाही. अण्णासोंनी मग दोन्ही ट्रॅक एकत्र लावले. वरून दोन वर्षांपूर्वीची आक्का, खालून आजची. मी कान देऊन ऐकत होतो आणि मला कसला तरी मध्येच त्रास होत होता. खालच्या आवाजातले शब्द कुठं कुठं बुडत होते.

"अण्णासो," मी म्हणालो, "पेटी दाबा जरा. आक्का ऐकू येईना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, एक बटन बोटभर खाली ओढलं आणि म्हणाले, "पंधरा वर्षं लागली तुला."